फुटलेल्या तारकागुच्छांवरून कृष्णद्रव्याचा माग

विचारलं आहे ते असं: कृष्णद्रव्य दिसत नाही, त्यातून प्रकाशही येत नाही, मग फुटलेल्या तारकागुच्छांच्या विखुरलेल्या ताऱ्यांवरून त्याच्याबद्दल नेमकं काय कळतं? जीडी-१ नावाच्या तारकाप्रवाहात एक फट सापडली आणि ती कृष्णद्रव्याच्या गोळ्याने पाडली, असं वाचनात आलं, ते कितपत खरं? आणि शेवटचा उपप्रश्न: गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असेल तर या सगळ्याचं काय?

मी तारकाप्रवाहांची संगणकीय मॉडेलं बनवते, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार. आधी दोन वाक्यांत सांगते. प्रवाहाच्या सबंध वाटेवरून आकाशगंगेभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलाचं वजन आणि आकार कळतो. हे काम बरंच पुढे गेलं आहे, पण वाटलं होतं तितकं सरळ निघालेलं नाही. प्रवाहावरच्या बारीक ओरखड्यांवरून त्या प्रभामंडलात लहान लहान गुठळ्या आहेत का, हे कळू शकतं; तिथे मात्र अजून संशयितांची चौकशीच चालू आहे.

बंदिस्त तारकागुच्छ म्हणजे हजारो ते लाखो जुन्या ताऱ्यांचा गच्च गोल पुंजका. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त गुच्छ माहीत आहेत. गुच्छ आकाशगंगेभोवती फिरतो तेव्हा त्याच्या केंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त बसते आणि पलीकडच्या बाजूला कमी. चंद्रामुळे समुद्राला भरती येते ती याच फरकामुळे, म्हणून याला भरतीबल म्हणतात. गुच्छाच्या मध्यापासून एका ठरावीक अंतरापलीकडे हे बल गुच्छाच्या स्वतःच्या ओढीला भारी पडतं आणि ताऱ्यावरची पकड सुटते. पालोमार ५ हा अगदी हलका गुच्छ आहे, दहा-पंधरा हजार सूर्यांच्या वस्तुमानाचा. त्याच्यासाठी हे अंतर साधारण दोनशे प्रकाशवर्षं येतं. आतले तारे एकमेकांना ढकलत राहतात, एखादा कडेला येतो आणि निसटतो.

निसटायला दोन दारं असतात, एक केंद्राकडचं आणि एक पलीकडचं. आतल्या दाराने गेलेला तारा किंचित आतल्या कक्षेत पडतो, त्याची फेरी लवकर पुरी होते आणि तो गुच्छाच्या पुढे पुढे जात राहतो. बाहेरच्या दाराने गेलेला मागे पडतो. हा फरक अगदी किरकोळ असतो, सेकंदाला एक-दोन किलोमीटर. गुच्छ स्वतः सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण सेकंदाला १ किलोमीटरचा फरक १०० कोटी वर्षांत सव्वातीन हजार प्रकाशवर्षांचं अंतर पाडतो. अशा रीतीने गुच्छाला पुढे एक आणि मागे एक शेपूट फुटते. ताऱ्यांच्या या लांब रांगेलाच तारकाप्रवाह म्हणतात. पुरेसा काळ गेला की गुच्छ पूर्ण विरतो आणि नुसत्या शेपट्या उरतात. जीडी-१ असाच आहे. त्याचा मूळ गुच्छ कुठेच सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा. कृष्णद्रव्य मोजायचं म्हणजे खरं तर त्वरण मोजायचं: एखाद्या ठिकाणी ताऱ्याचा वेग किती बदलतो ते. एकट्या ताऱ्याचं स्थान आणि वेग आपल्याला आज कळतो, पण तो वेग बदलताना बघायचा तर दहा वर्षांत बदल होतो सेकंदाला काही सेंटीमीटरचा. माणसाच्या आयुष्यात एखादा तारा वळताना दिसत नाही. प्रवाहात मात्र शेकडो तारे जवळजवळ एकाच वाटेवर पुढेमागे चालत असतात. मागच्याने पुढे काय करायचं आहे ते पुढच्याने आधीच केलेलं असतं. आपण एकाच क्षणी सगळी रांग बघतो आणि कोट्यवधी वर्षांची वाट आयती समोर येते. अवकाशशास्त्रात इतकी सोय क्वचित मिळते.

‘जवळजवळ’ हा शब्द मात्र विसरू नका. प्रवाहाची वाट म्हणजे हुबेहूब गुच्छाची कक्षा नव्हे, कारण प्रत्येक तारा किंचित वेगळ्या ऊर्जेने निघालेला असतो. सुरुवातीच्या काळात बरेच जण प्रवाहावर सरळ एक कक्षा बसवायचे आणि वस्तुमान काढायचे. उत्तर थोडं तिरकं यायचं. आता गुच्छातून तारे एकेक करून सोडत, पूर्ण प्रवाह संगणकात घडवून मगच निरीक्षणाशी ताडून बघतात.

पालोमार ५ च्या शेपट्या २००१ साली स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या माहितीतून सापडल्या. गुच्छ सुमारे ७० हजार प्रकाशवर्षं दूर आहे. जीडी-१ हा २००६ मध्ये ग्रिलमेअर आणि डायोनाटोस यांनी त्याच सर्वेक्षणातून शोधला. आज तो आकाशात सुमारे १०० अंश पसरलेला माहीत आहे. रुंदी शे-दोनशे प्रकाशवर्षांच्या घरात आणि लांबी तीस हजारांच्या वर, असं त्याचं रूप आहे. धाग्यासारखे असे बारीक प्रवाह आमच्यासाठी सोन्याहून मौल्यवान, कारण आतल्या ताऱ्यांचे वेग एकमेकांशी इतके जुळलेले असतात की कुठे थोडं जरी बिनसलं तरी कळतं. या स्थितीला ‘थंड’ प्रवाह म्हणतात. तापमानाशी त्याचा संबंध नाही.

२०१० मध्ये कोपोसोव्ह, रिक्स आणि हॉग यांनी जीडी-१ वरून आकाशगंगेचं गुरुत्वक्षेत्र किती चपटं आहे ते मोजलं. २०१६ मध्ये जो बोव्ही आणि सहकाऱ्यांनी पालोमार ५ व जीडी-१ एकत्र घेतले आणि आतल्या भागातलं प्रभामंडल जवळपास गोल आहे, असा निष्कर्ष काढला. उभ्या आणि आडव्या अक्षांचं गुणोत्तर त्यांना १.०५ मिळालं, ०.१४ इकडेतिकडे धरून. पण या दोन्ही प्रवाहांवरून कळतं ते ते जिथून जातात तेवढ्याच पट्ट्याबद्दल. जीडी-१ केंद्रापासून साधारण ४५ ते ८० हजार प्रकाशवर्षांच्या टापूत फिरतो. त्याच्यावरून चार लाख प्रकाशवर्षांवरच्या प्रभामंडलाबद्दल बोलणं म्हणजे अंगणातली विहीर बघून समुद्राची खोली सांगणं. एकूण वस्तुमानाचा आकडा कोणी एकाच प्रवाहावरून ठणकावून सांगत असेल, तर तो बाहेरचा भाग कसा गृहीत धरला आहे ते आधी विचारा.

या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी कथा धनु बटू दीर्घिकेची. ही छोटी दीर्घिका इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांनी १९९४ मध्ये शोधली. आपली आकाशगंगा तिला गिळत आहे आणि तिच्या ताऱ्यांचा पट्टा सबंध आकाशाला वेढून गेला आहे. २००३ मध्ये टूमास सर्वेक्षणातल्या लाल राक्षसी ताऱ्यांवरून तो पूर्ण दिसला. एवढा लांब प्रवाह हाती आल्यावर प्रभामंडलाचा आकार ठरवणं सोपं जायला हवं होतं. झालं उलटंच. पुढच्या शेपटीतल्या ताऱ्यांचे वेग जुळवायचे तर प्रभामंडल उभट, अंड्यासारखं लागत होतं. प्रवाहाचं प्रतल किती वळलं आहे ते जुळवायचं तर ते चपटं लागत होतं. एकच प्रवाह दोन साक्षी देत होता आणि दोन्ही परस्परविरोधी. २०१० मध्ये लॉ आणि मॅजेव्स्की यांनी तिन्ही अक्ष वेगवेगळे असलेलं प्रभामंडल घेऊन दोन्ही गोष्टी जुळवून दाखवल्या. आकडे बसले, पण त्या आकारात आकाशगंगेची ताऱ्यांची चपटी तबकडी इतक्या अडनिड्या पद्धतीने बसत होती की ती स्थिर कशी राहील, हा प्रश्न उभा राहिला. मी या क्षेत्रात आले तेव्हा हे मॉडेल सगळेच वापरत आणि त्यावर मनापासून विश्वास मात्र फारसा कोणाचा नसे.

गफलत दुसरीकडेच होती. आकाशगंगा एका जागी शांत बसली आहे आणि तिच्याभोवती प्रवाह फिरतो, असं सगळ्यांनी धरलं होतं. दक्षिण गोलार्धातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा मोठा मॅगेलानी ढग, म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारची छोटी दीर्घिका, आम्ही हिशेबातून वगळला होता. लहान समजून.

तो लहान नाही. अनाथ नावाचा एक प्रवाह आहे. मूळ सापडत नाही म्हणून हे नाव. त्याच्यातले तारे प्रवाहाच्या दिशेने जात नाहीत, तिरके सरकतात, हे ताऱ्यांची स्थानं आणि सरकणं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या माहितीवरून २०१९ मध्ये लक्षात आलं. दोरीवरून चालणाऱ्या मुंग्या दोरी सोडून कडेला सरकताना दिसाव्यात तसं. स्वतःच्या कक्षेत मुकाट फिरणाऱ्या प्रवाहाला हे शक्य नाही, कोणीतरी त्याला बाजूने ओढलेलं असलं पाहिजे. एर्काल आणि सहकाऱ्यांनी तो ओढणारा मॅगेलानी ढग आहे असं दाखवून त्याचं वजनही काढलं: सुमारे १४ हजार कोटी सूर्य. सगळ्या आकाशगंगेच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. एवढं धूड जवळून जातं तेव्हा आकाशगंगा स्वतःही त्याच्याकडे ओढली जाते, आणि आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा आधी हलतो. बाहेरच्या ताऱ्यांच्या तुलनेत आपली तबकडी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने सरकते आहे, हे २०२१ मध्ये मोजलं गेलं. त्याच वर्षी वासिलिएव्ह, बेलोकुरोव्ह आणि एर्काल यांनी धनु प्रवाह, आकाशगंगा आणि मॅगेलानी ढग असे तिघे एकत्र हलते ठेवून मॉडेल केलं आणि जुनी विसंगती बरीचशी सुटली.

म्हणून आज कोणी ‘प्रभामंडलाचा आकार अमुक’ असं सांगितलं की मी आधी विचारते, मॅगेलानी ढग हिशेबात धरला आहे का? नसेल तर पन्नास-साठ हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडचे आकडे जपून घ्यावेत.

न फुटलेले गुच्छही उपयोगी पडतात, फक्त वेगळ्या पद्धतीने. गायामुळे त्यांच्या आकाशातल्या सरकण्याचा वेग आता अचूक कळतो. पुष्कळ गुच्छांचे वेग एकत्र घेतले की त्यांना धरून ठेवायला किती वस्तुमान लागेल, याचा अंदाज येतो. पोस्टी आणि हेल्मी यांनी २०१९ मध्ये या रीतीने ६५ हजार प्रकाशवर्षांच्या आतलं वस्तुमान सुमारे १९ हजार कोटी सूर्य काढलं. त्याच वर्षी वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी गायाच्या जोडीला हबल दुर्बिणीची मोजमापं घेऊन एकूण वस्तुमान सुमारे दीड लाख कोटी सूर्य असं मांडलं. बटू दीर्घिकांमधले गुच्छ तर आणखी गमतीदार. फोरनॅक्स बटू दीर्घिकेतल्या गुच्छांना कृष्णद्रव्याच्या गुरुत्वीय ओढीने होणाऱ्या घर्षणाने केव्हाच केंद्रात जाऊन पडायला हवं होतं, तरी ते अजून बाहेर हिंडत आहेत. केंद्राजवळ कृष्णद्रव्याची घनता टोकदार न वाढता सपाट राहत असेल तर हे घर्षण थांबतं, असा एक अर्थ लावला जातो. एरिडॅनस २ या मिणमिणत्या दीर्घिकेत एकच गुच्छ आहे. कृष्णद्रव्य जर सूर्याच्या दहापट-वीसपट वजनाच्या कृष्णविवरांचं असतं, तर त्यांच्या सततच्या धक्क्यांनी तो गुच्छ फुगून विरला असता. तो शाबूत आहे, एवढीच गोष्ट त्या कल्पनेवर मोठी मर्यादा घालते. साधा युक्तिवाद, पण मला फार देखणा वाटतो.

आता फटीकडे.

कृष्णद्रव्य संथ कणांचं असेल तर सिद्धांत सांगतो की प्रभामंडल गुळगुळीत नसतं, त्यात लहानमोठ्या गुठळ्या असंख्य असतात. दहा कोटी सूर्यांपेक्षा जड गुठळ्यांमध्ये तारे जन्मू शकतात आणि त्या बटू दीर्घिका म्हणून दिसतात. त्याखालच्या गुठळ्यांमध्ये वायू टिकत नाही, तारे होत नाहीत, म्हणजे त्या पूर्ण काळोख्या. त्या आहेत की नाहीत यावर कृष्णद्रव्याचा स्वभाव ठरतो. कण हलके आणि चपळ असतील, म्हणजे ‘कोमट’ असतील, तर एका मर्यादेखालच्या गुठळ्या तयारच होत नाहीत. तेव्हा काळोख्या गुठळ्या मोजणं म्हणजे प्रयोगशाळेबाहेरून कणाचा स्वभाव ओळखणं.

अशी गुठळी बारीक प्रवाहाजवळून गेली तर काय होईल? साधारण १ कोटी सूर्यांची गुठळी, प्रवाहापासून तीन-सव्वातीनशे प्रकाशवर्षांवरून, सेकंदाला २०० किलोमीटरने निघून गेली, असं धरा. जवळच्या ताऱ्यांना सेकंदाला सुमारे ४ किलोमीटरचा झटका बसतो. झटका असतो आतल्या बाजूला, म्हणजे जिथून गुठळी गेली त्या जागेकडे. साहजिकच वाटतं की तारे तिथे गोळा होतील आणि गाठ पडेल. पडते फट. पुढचा तारा मागे ओढला जातो, त्याची ऊर्जा घटते, तो आतल्या छोट्या कक्षेत उतरतो आणि तिथे फेरी लवकर पुरी करून उलट आणखी पुढे पळतो. मागचा तारा पुढे ओढला जातो, बाहेरच्या कक्षेत चढतो आणि मागे पडतो. दोघे एकमेकांपासून दूर जातात. नवीन विद्यार्थ्याला हे कागदावर सोडवायला दिलं की पहिल्यांदा तो हमखास चिन्ह चुकल्याचं समजून उलटं करून आणतो.

गायाने २०१३ च्या डिसेंबरमध्ये उड्डाण केलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये दुसरी माहिती प्रसिद्ध झाल्यावर जीडी-१ एकदम स्वच्छ दिसला. तोपर्यंत प्रवाहाचे तारे रंग आणि तेजस्वितेवरून ओळखायचे, त्यात पुढचेमागचे उपरे तारे मिसळायचे. आता एकत्र सरकणारे तारे वेगळे काढता आले. प्राइस-व्हेलन आणि बोनाका यांना त्यात ठळक फटी दिसल्या आणि एका फटीशेजारी प्रवाहातून बाजूला फुटलेला ताऱ्यांचा एक काटाही. २०१९ मध्ये बोनाका आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: गेल्या ५० कोटी वर्षांत १० लाख ते १० कोटी सूर्यांच्या दरम्यानची आणि फार आटोपशीर अशी कुठलीतरी वस्तू प्रवाहाजवळून गेली, तर फट आणि काटा दोन्ही होतात. माहीत असलेला एकही गुच्छ किंवा बटू दीर्घिका त्या वेळी त्या जागी नव्हती.

तर मग पुरावा मिळाला का? पुरावा म्हणण्याइतकं नाही, पण डोळेझाक करण्याजोगंही नाही. ‘आटोपशीर’ या शब्दापाशीच अडतं. हिशेबात निघालेली वस्तू नेहमीच्या सिद्धांतातल्या त्याच वजनाच्या गुठळीपेक्षा जास्त गच्च आहे. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आपटत असतील तर काही गुठळ्यांचा गाभा कोसळून असा गच्च होऊ शकतो, म्हणून त्या विचाराच्या मंडळींना जीडी-१ फार प्रिय आहे. आपल्याला दिसलेलीच नाही अशी एखादी साधी वस्तू तिथून गेली, हेही नाकारता येत नाही.

इतर संशयितांची यादी लांब आहे. आकाशगंगेच्या मध्यातला ताऱ्यांचा दांडा फिरत असतो आणि तो प्रवाहाच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वेळी झटके देतो. पालोमार ५ बाबतीत हे पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. तबकडीतले प्रचंड वायुढग लहान गुठळीइतकंच नुकसान करू शकतात. सर्पिल बाहू आहेत, दुसरे गुच्छ आहेत. शिवाय कोणीही न छेडता प्रवाहात ठरावीक अंतराने दाटी-विरळी होते. गुच्छातून सुटलेले तारे कक्षेत झोके घेत पुढे जातात आणि झोक्याच्या टोकाला थोडे रेंगाळतात, त्यामुळे. जीडी-१ यांतल्या बऱ्याच गोष्टींपासून सुरक्षित आहे. तो तबकडीच्या फिरण्याच्या उलट दिशेने जातो, त्यामुळे दांडा किंवा ढग त्याला फार वेळ छेडू शकत नाहीत, आणि तो केंद्रापासून दूरच राहतो. पालोमार ५ तबकडीच्याच दिशेने फिरतो आणि बराच आत येतो. त्याच्या फटींवर मी कृष्णद्रव्याची इमारत उभी करणार नाही.

एक संशयित तर आकाशात नसतोच. कामाच्या सुरुवातीला मला एका प्रवाहात अगदी देखणी फट सापडली होती. तीन आठवडे मी गुठळीचं वजन काढत बसले. मग कोणीतरी सहज विचारलं, तिथे पुढ्यात एखादा ठळक तारा आहे का? होता. त्याच्या झगमगाटामुळे सर्वेक्षणाने आजूबाजूचा तुकडा वगळला होता आणि मी त्या वगळलेल्या तुकड्यात कृष्णद्रव्य शोधत होते. धूळ, दुर्बिणीच्या दोन छायाचित्रांमधला जोड, गाया आकाशाच्या त्या भागावरून किती वेळा फिरला, यांतलं काहीही फट ‘बनवू’ शकतं. आता फट दिसली की मी आधी आकाशाचा कच्चा नकाशा उघडते.

म्हणून एका फटीपेक्षा सबंध प्रवाहाची दाटी-विरळी किती आहे आणि कुठल्या लांबीवर आहे, हे सांख्यिकीने मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं. एखाद्या फटीचा गुन्हेगार सापडो न सापडो, एकूण खडबडीतपणा किती गुठळ्या मागतो हे काढता येतं. बनिक, बोव्ही आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जीडी-१ वर हे केलं आणि माहीत असलेले ढग, गुच्छ, बाहू वजा करून उरलेल्या खडबडीतपणासाठी काळोख्या गुठळ्या लागतात, असं मांडलं. त्यावरून कोमट कृष्णद्रव्याचा कण ४.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (कणांचं वस्तुमान मोजायचं हे एकक) हलका नसावा, अशी मर्यादा निघाली. ही मर्यादा गुरुत्वीय भिंगांच्या, म्हणजे वस्तुमानामुळे प्रकाश वाकण्याच्या, संपूर्ण वेगळ्या पद्धतीने निघणाऱ्या मर्यादांच्या जवळपास येते, ही समाधानाची गोष्ट. पण बराचसा भार एका प्रवाहावर आहे, आणि तो प्रवाह थोडा विचित्रच आहे: त्याच्याभोवती ताऱ्यांची एक रुंद, विरळ सायही सापडली आहे. मूळ गुच्छ आधी एखाद्या बटू दीर्घिकेत होता आणि तिथेच त्याचे काही तारे सुटले, अशी एक शक्यता मांडली जाते. तसं असेल तर त्याचा इतिहास आम्ही धरतो तितका सरळ नाही.

आज शंभरच्या आसपास प्रवाह माहीत आहेत. डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाने २०१८ मध्ये एकदम ११ नवे प्रवाह जाहीर केले, त्यांतल्या चारांची नावं सिंधू, झेलम, चिनाब आणि रावी अशी आहेत. पुढे गंमत अशी झाली की चिनाब हा अनाथ प्रवाहाचाच दक्षिणेकडचा तुकडा निघाला, आणि अ‍ॅटलस व अलिका उमा हे दोन प्रवाह म्हणजे मधे मुरडलेला एकच प्रवाह. ती मुरड कशाने पडली हाही असाच उघडा प्रश्न आहे. उलटही घडतं. मल्हान आणि रिक्स यांनी २०२४ मध्ये शिव आणि शक्ती या नावांनी ताऱ्यांचे दोन जुने समूह जाहीर केले. ते आदिम तुकड्यांचे अवशेष असावेत असं त्यांचं मत, तर मध्यातल्या दांड्याच्या तालात अडकून तारे तसे गोळा झाले असावेत, असं दुसऱ्या गटाचं. एकत्र फिरणारे तारे दिसले म्हणजे फुटलेला गुच्छ, हे समीकरण प्रत्येक वेळी लागू पडत नाही.

गुरुत्वाकर्षणाच्या नियमाबद्दलचा तुमचा उपप्रश्न मला आवडला, कारण प्रवाह त्यावरही काही बोलतात. सुधारित नियमात गुच्छावर बाहेरच्या क्षेत्राचा परिणाम असा होतो की पुढची आणि मागची शेपूट सारखी राहत नाही. पालोमार ५ ची पुढची शेपूट आखूड दिसत होती, आणि थॉमस व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ती याच नियमाची खूण असू शकते असं लिहिलं. न्यूटनच्या नियमात साध्या, गुळगुळीत प्रभामंडलात दोन्ही शेपट्या जवळपास सारख्या यायला हव्यात. पण मघाचा तो दांडा इथेही आड येतो, तोही एक शेपूट विस्कटू शकतो. पुढे जास्त खोल छायाचित्रांमध्ये आखूड वाटणारी शेपूट पुढे पसरट, विरळ होत गेलेली दिसली. म्हणजे ती तुटलेली नसून विखुरलेली आहे. निकाल लावायचा तर तबकडीपासून दूर, दांड्याच्या आवाक्याबाहेर, गुच्छ अजून शाबूत असलेले आणि दोन्ही शेपट्या स्पष्ट असलेले प्रवाह पुरेशा संख्येने हवेत. आज तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

ती संख्या वाढेल. चिलीमधली ८.४ मीटर आरशाची व्हेरा रुबिन वेधशाळा दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे आणि गायाला न दिसणारे मंद तारे तिला दिसतील. प्रवाहात मंद तारेच जास्त असतात, त्यामुळे एकेका प्रवाहातले ओळखलेले तारे कितीतरी पटींनी वाढतील. गायाने २०२५ च्या जानेवारीत निरीक्षणं थांबवली, पण त्याच्या माहितीचा मोठा हिस्सा अजून प्रसिद्ध व्हायचा आहे. आमची खरी अडचण वर्णपटांची राहणार. ताऱ्याचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला १ किलोमीटरपेक्षा बारीक मोजल्याशिवाय गुठळीचा झटका आणि ढगाचा झटका वेगळे करता येत नाहीत, आणि इतक्या मंद ताऱ्यांचे तसे वर्णपट घ्यायला मोठ्या दुर्बिणीच्या रात्रीच्या रात्री लागतात. जीडी-१ च्या काट्यातले तारे मुख्य प्रवाहाच्या तुलनेत नेमके किती वेगाने सरकताहेत, हे जितकं बारीक कळेल तितकी ती वस्तू कुठून आली आणि कुठे गेली याची रेषा आखता येईल. त्या रेषेच्या टोकाला एखादी ओळखीची वस्तू सापडली, तर आम्हाला नव्याने सुरुवात करावी लागेल.